तळहाताला हुकूम चालत न्हाई

मला कुणाचाबी आवाज काढता येतो. गावचा सरपंच, एसटीचा कंडक्टर, जनावरांचा डॉक्टर, कीर्तनात मधीच खोकणारा म्हातारा, सगळी माझ्या नरड्यात बिनभाड्यानं राहत्यात. जिथं जाईन तिथं लोक म्हणत्यात, "कर की रं येकदा." मी करतो. हसत्यात. मग खूश हून कुणीतरी हात पुढं करतो, शेकहँड करायला. तितं माझी गाडी घसरते.

माझ्या तळहाताला घाम येतो. असा तसा न्हाई. मूठ उलटी केली की थेंब खाली पडतो. थंडीत बी, सावलीत बी. आमच्या माण तालुक्यात पाऊस धड पडत न्हाई, पाण्याला टँकर येतो, आणि माझ्या हाताला मात्र बारमाही पाणी. ह्यो जोक माझाच हाय. पैला मीच करून टाकतो, म्हणजे दुसऱ्याला करायला शिल्लक राहत न्हाई.

शाळेत पेपर लिवताना हाताखाली रुमाल घ्यायचो. तरी शाई पसरायची. मराठीच्या बाई म्हणायच्या, पेपर तू लिहिलास का नदीनं? पण ह्या हाताकडं नीट बघितलं ते फक्त विज्ञानाच्या सरांनी. सर नाकातनं बोलायचं आणि दर वाक्यात "बरं का" घालायचं. खडू हातात धरून कपाळाला लावायचं, त्यामुळं तिसऱ्या तासापर्यंत गंध लावल्यागत दिसायचं. त्येंचा आवाज मी सगळ्यात आधी बसवला. तवा धडा हुता नियमनाचा.

"शरीर तापलं, बरं का, की घाम येतो. घाम वाळला की शरीर गार होतं. गार झालं की घाम थांबतो. घरची इस्त्री बघा. तापली की आतलं बटण टक्कन बंद. गार झाली की टक्कन चालू. कोण हुकूम देतं? कोणी नाही. आतल्या आत कळतं. सजीव म्हणजे काय, तर ज्याला असं आतल्या आत कळतं तो."

मी उभा राहिलो. "सर, आमच्यातलं बटण अडकलंय वाटतं." आणि दोनी हात वर करून वर्गाला दावलं. वर्ग हसला. सर बाकापाशी आलं, माझा हात हातात घेतला, उलटासुलटा केला, मग आपला हात पँटीला पुसला.

"हा उन्हाचा घाम नाही," म्हणाले. "हा भीतीचा. माकड भ्यालं, बरं का, की त्याचा पंजा ओलसर होतो. म्हणजे फांदी हातातून निसटत नाही. तसला आहे तुझा."

झालं. नक्कल मी करायचोच, आता शास्त्राचा पुरावा बी मिळाला. दहावीपर्यंत माझं नाव माकड.

घरी ह्या हाताचा दुश्मन येकच, आमचं आबा. आबा म्हंजी माझं वडील. फौजेतनं हवालदार हून रिटायर झालेलं. आबा रोज सकाळी उठलं की पैलं गोठ्यात जात्यात आणि म्हशीच्या नाकाला बोटं लावत्यात. नाक वल्लं असलं की म्हस बरी. नाक कोरडं पडलं की समजायचं ताप हाय, आता ही वैरण सोडणार, डॉक्टरला फोन करा. मला बी त्येंनीच शिकवलं हे, लहानपणी, माझं बोट धरून. आणि त्याच बोटाच्या पुढचा तळहात बगितला की म्हणायचं, "हात हाय का नळ? वाळव की जरा. पोरगी हाईस का घाबरायला?"

आमच्या घरात फौज सोडून दुसरी नोकरी असते हे कुणाला पटतच न्हाई. चुलतं फौजेत, मामा फौजेत. आता ती नोकरी चार वर्षांची झाली तरी आबा म्हणलं, "चार तर चार. वर्दी ती वर्दी." मला बी पायजे हुती. खोटं कशाला सांगू. गावात पोराला दोन वाटा, एक मुंबई, एक वर्दी. मुंबईला जाऊन आलेल्यांची तोंडं मी बगितली हुती.

मला सांगलीकडं अकॅडमीत टाकलं, माधवनगरच्या अलीकडं. जुन्या गिरणीचं शेड, त्यात पत्र्याच्या खाटा, आणि पहाटं पळायला कालव्याकडचा रस्ता. आमचा उस्ताद म्हंजी येक रिटायर सुभेदार. मराठी माणूस, पण पळवताना हिंदीच बोलायचा, मराठीत शिवी दिली तर पोरगं घरचं समजतं म्हणायचा. "ए जोकर! घुटना ऊपर! पसीना बहाओ, पसीना!" मी त्येचा आवाज तिसऱ्या दिवशी काढला. त्येनं मागनं ऐकला, मला दंडाला धरून पुढं उभा केला आणि म्हणला, "अब पूरी कंपनी को तू ही दौड़ा." तेव्हापासनं पोरांना मीच पळवायचो, त्येच्या आवाजात. त्येला नरडं दुखवायला नको.

पण तितंच कळलं की मेडिकलला हात बघत्यात. आधीच्या बॅचमधली दोन पोरं नुसत्या तळहातावर घरी गेलती. पळण्यात येक नंबर, छाती फुगवण्यात येक नंबर, आणि डॉक्टरनं हात धरला की ओलं. बाहेर. म्हंजी हुकूम काय, तर सगळ्या अंगाला घाम काढायचा, फक्त हाताची दोन पानं सोडून.

पोरांच्यात उपाय फिरायचं. न्हाव्याकडची तुरटी. बाळाची पावडर. माझ्या शेजारच्या खाटंवरच्या गड्याचा तर सरळ शोध, "पाणीच प्यायचं न्हाई गड्या. टाकीच रिकामी, तर नळाला काय यील?" मी पाणी तोडलं. दुसऱ्या दिवशी पळताना रस्ता वाकडा दिसाय लागला आणि मी कालव्याच्या कडंला बसलो. जीभ लाकडागत, ओठ फुटलेलं, डोळ्यात सुद्धा पाणी न्हाई. तळवं तेवढं वल्लं. सगळ्या अंगाची चोरी करून माझं शरीर तितं पाणी पोचवत हुतं. उस्तादानं येऊन तोंडावर बाटली ओतली आणि पैल्यांदाच मराठीत म्हणला, "मरायचंय का रं भाड्या?"

लेखी निघाली. ग्राउंड निघालं. पळण्यात मी पैल्या घोळक्यात आलो. उरलं फक्त मेडिकल. आणि वयात बसायची ही शेवटची भरती.

आता आमच्या गावानं काय केलं ते सांगतो. आमच्याकडं पोरगं भरती झालं की मिरवणूक निघते. उघडी जीप, हलगी, गुलाल. पलीकडच्या गावातल्या येका पोराची आदल्याच आठवड्यात निघाली हुती, त्येचं मेडिकल हून, सगळं हून. आमच्या गावाला दम निघंना. मी म्हणलं, "आवं आबा, मेडिकल बाकी हाय अजून."

"मेडिकलला काय झालंय? बैलागत तर हाईस."

"हात..."

"गप. चांगल्या कामात तोंड घालू नगं."

फाट्यावर फ्लेक्स लागला. 'देशसेवेसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' फ्लेक्सवाल्यानं दुसऱ्या कुणाच्या तरी वर्दीतल्या धडावर माझं मुंडकं चिकटवलेलं. त्यो धडवाला सॅल्यूट मारत हुता. फौजेच्या सॅल्यूटमधी तळहात पुढं दिसतो. चांगला गोरा, कोरडा तळहात. मी त्येच्याकडंच बघत बसलो. अख्ख्या फ्लेक्सवर तेवढाच भाग माझा असाय पायजे हुता.

जीपमधी उभा केला मला. गुलाल उधळला. वेशीपासनं देवळापर्यंत जो भेटंल त्यो हात मिळवतोय. गुलाल आणि माझा घाम, दोनी येक झालं. तांबडा चिखल. मनगटावरनं वघळ गेलं. येक चुलती खालनं वरडली, "आगं बया! पोराच्या हाताला रगात आलं की!" समदी हसली. मी बी हसलो, आणि लगेच तिच्या आवाजात वरडलो, "आगं बया!" आणखी हसली. जीपच्या पुढच्या शिटावर आबा हुतं. त्येंनी मागं वळून माझा हात बगितला. ते हसलं न्हाईत.

त्या दिवसापासनं हात झोपंतनं माझ्या आधी उठाय लागला.

पैल्या मेडिकलला डॉक्टरनं नुसतं म्हणलं, "हाथ." मी पुढं केला. त्येनं अंगठ्यानं दाबून बगितलं, टिश्यूचा कागद ठेवला, कागद चिकटला. एक लांबलचक इंग्रजी नाव घेतलं. नाव ऐकून वाटलं आपल्याला काहीतरी भारी झालंय. मग म्हणाला, रिव्ह्यूला चान्स मिळंल, मोठ्या दवाखान्यात. तितं कोरडा आला तर बसशील.

घरी आबांचा पैला हुकूम, "गावात ब्र काढायचा न्हाई." फ्लेक्स तसाच राहिला. लोक विचारायची, ट्रेनिंगला कवा? मी म्हणायचो, पत्र येणार हाय. सरपंचाच्या आवाजात म्हणायचो, म्हंजी हसण्यावारी जायचं.

आईनं घमेल्यात तुरटीचं पाणी करून ठेवायचं आणि मी त्यात हात घालून बसायचो. कातडं पांढरं पडलं, उन्हाळ्यातल्या रानागत भेगाळलं. भेगांतनं बी घाम यायचा, आणि चुरचुरायचं. आबा समोर खुर्ची टाकून.

"त्येला हुकूम दे. थांब म्हणावं."

"दिला."

"जोरात दे. मन खंबीर कर. आमी बर्फात उभं राहिलो, तवा काय शरीराला इचारत बसलो व्हय?"

मला हसू आलं. मी घमेल्यातनं हात काढलं, ताठ उभा राहिलो आणि उस्तादाच्या आवाजात हाताला म्हणलं, "ए हाथ! सावधान! पसीना बंद! वरना पीछे मुड़ के घर जा!" आई तोंडाला पदर लावून हसाय लागली. हसत हसत माझा हात पुसायला टॉवेल घेतला, पुसला, आणि मग थांबली.

"आवं," आई आबांना म्हणाली, "हात कोरडा हाय की ह्येचा."

आबा उठलं. हात धरला. "पुन्हा कर." मी उस्ताद केला. कोरडा. "दुसरा कर कुणीतरी." मी कंडक्टर केला, तिकीट मागितलं, सुट्टं द्या म्हणलं. कोरडा. "आता तुझ्या आवाजात बोल. नाव सांग. गाव सांग." मी सांगितलं. गाव म्हणेपर्यंत आबांची बोटं वल्ली झाली.

माझ्या नकलांना आबा जल्मभर माकडचाळं म्हणत आलं. जत्रंत मी स्टेजवर असलो की ते पानटपरीकडं जायचं. आता रोज सकाळी म्हशीचं नाक बगून झालं की माझ्यापुढं बसायचं आणि म्हणायचं, "उस्ताद कर." मी करायचो. ते हसत न्हवतं. तोंडाकडं बघतच न्हवतं. दोन बोटं माझ्या तळहातावर ठिवून, मान खाली घालून बसायचं. वडलांनी माझी नक्कल पैल्यांदा बगितली ती अशी, बोटांनी.

रिव्ह्यूच्या आधी दहिवडीच्या स्टँडवर विज्ञानाचं सर भेटलं. रिटायरमेंटला आलेलं, केस गेलेलं, खडू न्हवता पण हात कपाळाकडं जायचाच. मी सगळं सांगितलं. त्येंनी पुन्हा तसाच हात धरला, पुन्हा पँटीला पुसला.

"बिघडलेला नाही रे हा," म्हणाले. "त्याला कळतंय, काहीतरी धोका आहे. आणि धोका खरंच आहे. तो बरोबर काम करतोय."

"बरोबर काम करणारा हात घिऊन मी काय करू सर? बिघडलेला द्या येकादा."

"गंमत अशी, बरं का, की तुला भीती वाटली की घाम येतो, आणि घाम बघून आणखी भीती वाटते. इस्त्री तापल्यावर बंद व्हायच्या ऐवजी आणखी तापली तर काय होईल?"

"कापड जळंल."

"हं."

"मग करायचं काय?"

"सगळ्यांनी त्या हाताकडं बघायचं बंद केलं पाहिजे. तू धरून." एसटी आली. पायरीवर चढताना सर म्हणलं, "ते अवघड आहे." फाट्यावरचा फ्लेक्स त्येंनी बी बगितला असणार. 

मोठ्या दवाखान्यात आबा संगं आलं. आत सोडत न्हाईत, म्हणून गेटबाहेर लिंबाखाली बसलं. आत बाकावर आमी सगळी नापास अवयवांची पोरं. कुणाचा कान, कुणाचा तळपाय, कुणाची पायाची शीर फुगलेली. येकमेकाला अवयवानंच हाका मारत हुतो. "ए कान, सरक की तिकडं." मी म्हणलं हीच वेळ. उस्ताद काढला. कानाला पळवलं, तळपायाला सलाम ठोकायला लावला. बाक हलाय लागलं. दाराशी उभा असलेला शिपाई बी खाली बगून हसला. मी हळूच तळवं चोळून बगितलं. पापडागत कोरडं. जल्मात असं कोरडं न्हवतं.

माझं नाव पुकारलं. मी उस्ताद हूनच आत गेलो. छाती त्येची, चाल त्येची. डॉक्टर वयस्कर हुतं, चष्मा नाकावर. त्येंनी हात हातात घेतला. दाबला. उलटा केला. बोटांच्या बेचक्यात बगितलं. कपाळावरची आठी सैल झालेली मी माझ्या डोळ्यांनी बगितली.

"नाम?"

मी सांगितलं, उस्तादाच्या दणक्यात.

"ऐसे क्यों चिल्ला रहे हो? आराम से। अपनी आवाज़ में बोलो।" आणि हसलं. चांगलं हसलं, मायेनं. हात त्येंच्या हातातच हुता. "पिताजी क्या करते हैं?"

उस्तादाच्या बापाचं मला काय म्हाईत? तितं मला माझाच बाप सांगावा लागणार हुता. तोंड उघडलं तर माझा आवाज आला, बारीक, गावचा. आबा दिसलं, जीपमधी मागं वळून बघणारं. आणि मला कळलं आता येणार. टँकरचं पाणी सोडल्यावर नळाला आधी नुसती हवा येती, फुस्स करून, आणि मग धार, तसं आलं. मला कळायच्या आधी डॉक्टरला कळलं, कारण हात त्येंनी धरलेला.

"फौज में थे, सर," मी म्हणलं.

डॉक्टरांनी हात सोडला. मग डब्यातला टिश्यू काढून दिला, मला येक, आपल्याला येक. "बेटा, राइफल पकड़नी होती है। फिसल जाएगी।"

"सर, निसटू नये म्हणूनच ओला होतो तो," मी म्हणलं. मराठीत, नाकातनं, सरांच्या आवाजात. का म्हणलं कुणास ठाऊक. त्येंनी पुढच्याला बोलवायला सांगितलं.

आबांनी गेटवर माझ्याकडं बगितलं आणि चपला झटकून उठलं.  एसटीत त्येंनी खिडकीकडं तोंड केलं. फाट्यावर उतरलो तर फ्लेक्सखाली दोन पोरं मोबाईल बघत बसलेली. "काय सायेब, कवा निघणार?" मी त्येंना कुणाच्याच आवाजात उत्तर दिलं न्हाई.

घरी आल्यावर आबा सोप्यात बसलं. पाणी पेलं. मग म्हणलं, "हात दाव."

मी दोनी हात पुढं केलं. आबांनी बोटं लावली. मग सगळा पंजा लावला. मग दुसरा हात धरला. मी बी बगितलं. कोरडं. ठणठणीत. तुरटीच्या भेगा तेवढ्या दिसत हुत्या. मी कुणाची नक्कल करत न्हवतो. मीच हुतो, माझ्याच आवाजात श्वास घेत हुतो. भ्यायला आता काय उरलंच न्हवतं, तर आतलं बटण टक्कन बंद झालेलं. जसं सर म्हणलं हुतं तसं, अगदी धड्यातल्यागत.

"आता?" आबा म्हणलं. "आता झालास व्हय रं कोरडा?"

ते माझ्याशी बोलत न्हवतं. हाताशी बोलत हुतं. "सकाळी काय झालतं तुला? आं? सकाळी का न्हाई?" हात असा गच्च दाबला की हाडं वाजली. आई म्हणाली, "आवं सोडा की त्येला." आबांनी सोडला, पण माझ्या मांडीवर टाकल्यागत सोडला, दुसऱ्याची वस्तू परत दिल्यागत.

गावाला दोन दिवसात कळलं. कुणी काय बोललं न्हाई, हे येक बरं आणि तेच वंगाळ. मिरवणुकीत ज्यांनी ज्यांनी हात मिळवला ती माणसं आता लांबनंच मान हलवत्यात. खिशातनं हात काढत न्हाईत. सरांचं म्हणणं गावानं न सांगता पाळलं, माझ्या हाताकडं बघायचं सगळ्यांनी बंद केलं. त्यामुळं हात कोरडाच असतो हल्ली.

फ्लेक्स आबांनी उतरवून आणला. कापड चांगलं हुतं, टाकून कोण दील? गोठ्याच्या पत्र्याला भोकं पडली हुती, तितं आतनं ताणून बांधला. चेहरा खाली आला. म्हशीच्या बरोबर डोक्यावर मी, वर्दीत, उलटा, सॅल्यूट मारलेला.

सकाळी दूध काढायला गेलो तर आबा माझ्या आधी आलेलं. वर न बघता त्येंनी म्हशीच्या नाकाला बोटं लावली. बोटं वल्ली झाली. धोतराला पुसली.

"ब्येस हाय," म्हणलं. म्हशीला.